वेलीच्या ताटीचा खांब

प्रस्तावना

भाषेच्या अभ्यासात कथा-कवितांबरोबर माहितीपर लेखनालाही महत्त्वाचे स्थान आहे. रोजच्या व्यवहारातील एखादे काम कारणांसह आणि नेमक्या शब्दांत समजावून सांगणे, हे अशा लेखनाचे प्रयोजन असते. परसबागेत वेलींसाठी उभी ताटी करताना तिचा खांब कसा निवडावा, याचे विवेचन प्रस्तुत पाठात केले आहे. पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला एखाद्या निवडीमागील कारणे स्वतःच्या शब्दांत मांडता येतील आणि लाकूड, बांबू व मातीकाम यांच्याशी संबंधित शब्दांचा योग्य वापर करता येईल.

मूळ पाठ

'ताटी' हा शब्द मराठी वाचकाला संत मुक्ताबाईंच्या 'ताटीच्या अभंगां'मुळे परिचित आहे. तेथील ताटी म्हणजे झोपडीच्या दाराला लावण्याची कुडाची झडप. परसातील वेलींची ताटीही त्याच कुळातली. एका रांगेत खांब उभे करावेत, त्यांच्यामध्ये बांबूच्या कामट्यांची, तारेची किंवा नायलॉनची जाळी ताणावी, की ताटी तयार होते. तिच्यावर दोडका, कारले, घेवडा, वाल यांसारखे भाजीचे वेल चढतात. जाई-जुई, कृष्णकमळ, गोकर्ण यांसारखे फुलांचे वेलही चढतात. लहानशा जागेत भाजी मिळते आणि अंगणाला आडोसाही होतो.

ताटी आणि मांडव या दोहोंना खांब लागतात. परंतु त्या खांबांचे काम सारखे नसते. मांडव डोक्यावर आडवा पसरलेला असतो. त्याचा भार खांबावरून सरळ खाली जमिनीत जातो, आणि उभ्या दिशेने भार पेलणे बारीक खांबालाही फारसे अवघड नसते. ताटी मात्र भिंतीसारखी उभी असते. वारा तिला समोरून ढकलतो. तिच्या खांबाला भार पेलण्यापेक्षा वाकण्याला विरोध करावा लागतो. मांडवाखाली वर्षानुवर्षे टिकलेला खांब ताटीला लावल्यावर पहिल्याच पावसाळ्यात का मोडतो, या प्रश्नाचे उत्तर या भेदात आहे.

वाऱ्याचा हा रेटा किती असतो, याचा अंदाज साध्या हिशेबाने करता येतो. ताशी ७२ किलोमीटर वेगाचा वारा आपल्यासमोरच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे २४ किलो वजनाइतका दाब देतो. वळवाच्या पावसापूर्वीच्या वावटळीत असा झोत येणे दुर्मीळ नाही. ताटीची उंची १.८ मीटर, म्हणजे सुमारे ६ फूट, आणि दोन खांबांमधील अंतर २ मीटर धरले, तर एका खांबाच्या वाट्याला ३.६ चौरस मीटरची ताटी येते. ती पानांनी गच्च भरलेली असेल, तर खांबावर सुमारे ८६ किलोंचा रेटा येतो. एक भरदार माणूस खांबाच्या मध्यावर आडवा रेलला आहे, अशी कल्पना करावी. वाऱ्याचा वेग निम्मा झाला, तर हा दाब निम्मा न होता चौथा हिस्सा होतो. आणि वेग दुप्पट झाला, तर दाब चौपट होतो.

जाळी रिकामी असताना वारा तिच्यातून निघून जातो. म्हणून उन्हाळ्यात नवी बांधलेली ताटी भक्कमच वाटते. खरी कसोटी श्रावण-भाद्रपदात लागते. वेल भरात आलेला असतो, पाने पावसाने ओथंबलेली असतात, फळे लोंबत असतात आणि नेमकी त्याच वेळी जमीन भिजून मऊ झालेली असते. त्या दिवशी ताटी कोसळली, तर नुकसान केवळ खांबाचे होत नाही. खोडाशी पिळवटलेला वेल पुन्हा उभा केला तरी बहुधा सुकतो. आठवडी बाजारात टोपलीभर दोडकी विकून घरखर्चाला हातभार लावणाऱ्या कुटुंबाचा उरलेला हंगाम त्याबरोबर जातो. यास्तव खांबाची निवड रिकाम्या जाळीकडे पाहून करू नये. भरलेल्या, भिजलेल्या ताटीकडे पाहून करावी.

जमिनीलगतची वीत

कुजून मोडलेले जुने खांब उपटून पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. खांबाचे वरचे लाकूड बहुधा चांगले असते. खोल पुरलेले टोकही पुष्कळदा शाबूत असते. खांब मोडतो तो जमिनीच्या पातळीशी, साधारण एका वितीच्या टापूत. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा आणि हवा या दोन्हींची गरज असते. खोल मातीत ओल असते, पण हवा कमी असते. उंचावर हवा भरपूर असते, पण लाकूड लवकर वाळते. जमिनीलगत मात्र दोन्ही गोष्टी एकत्र येतात. वाळवीही मातीतून वर चढताना प्रथम हीच जागा गाठते. दुर्दैवाने वाऱ्यामुळे खांबावर सर्वांत अधिक ताण येतो, तोही याच ठिकाणी. म्हणजे जेथे बळाची गरज सर्वाधिक, तेथेच खांब सर्वांत आधी दुबळा होतो. खांब विकत घेताना, कापताना, रोवताना आणि पुढे दरवर्षी तपासताना या एका वितीचा विचार आधी करावा लागतो.

जाडीचा प्रश्नही येथेच येतो. गोल खांबाची जाडी दुप्पट केली, तर वाकण्याला विरोध करण्याची त्याची ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. ५ सेंटीमीटर जाडीच्या खांबाच्या जागी १० सेंटीमीटरचा खांब घेतला, तर लाकूड चौपट लागते आणि बळ आठपट मिळते. उलट विचारही करावा. १० सेंटीमीटरचा खांब चोहोबाजूंनी सव्वा-सव्वा सेंटीमीटर कुजला, तर उरलेल्या साडेसात सेंटीमीटरमध्ये मूळच्या ताकदीपैकी निम्मीही शिल्लक राहत नाही. कमी जाडीचे अनेक खांब जवळजवळ रोवण्यापेक्षा जाड खांब थोडक्या संख्येने रोवणे म्हणूनच शहाणपणाचे असते. ६ फूट उंचीच्या ताटीला साडेसात ते दहा सेंटीमीटर जाडीचा लाकडी खांब योग्य होय.

वखारीतील पारख

लाकडाची वखार ही शब्दांनी फसण्याची जागा आहे. 'साग आहे' एवढे ऐकले, की गिऱ्हाईक निर्धास्त होते. पण सागाचा टिकाऊपणा त्याच्या गाभ्यात असतो. सागासारख्या पुष्कळ झाडांच्या खोडात बाहेरच्या बाजूला फिकट रंगाचे कोवळे लाकूड असते आणि आत गडद रंगाचा गाभा असतो. बाहेरच्या लाकडातून जिवंत झाडाचा रस वाहतो. त्यात साखर व पिष्ट असल्याने बुरशी, कीड आणि वाळवी त्यावर तुटून पडतात. गाभ्यात किडीला नकोशी द्रव्ये साठलेली असतात. विरळणीत तोडलेल्या कोवळ्या सागाची मनगटाएवढी बल्ली पाहिली, तर तिच्यात गाभा नावापुरताच असतो. ती नावाने साग असली, तरी मातीत टिकण्याच्या दृष्टीने तिचे मोल सामान्य लाकडाहून फारसे अधिक नाही. म्हणून नाव विचारण्याआधी कापलेले टोक पाहावे. गडद भाग किती आणि फिकट कडा किती, हे तेथे उघड दिसते.

देहराडून येथील वन संशोधन संस्थेत निरनिराळ्या झाडांच्या लाकडाचे तुकडे मोकळ्या जमिनीत पुरून ते किती काळ टिकतात, याची पाहणी केली जाते. अशा पाहणीवरून भारतीय मानकांत लाकडाचे तीन वर्ग केले आहेत. सरासरी १२० महिने किंवा त्याहून अधिक टिकणारे लाकूड पहिल्या वर्गात, ६० ते १२० महिने टिकणारे दुसऱ्या वर्गात आणि त्याहून कमी टिकणारे तिसऱ्या वर्गात मोडते. सागाचा आणि खैराचा गाभा पहिल्या वर्गातील आहे. आंब्याचे लाकूड तिसऱ्या वर्गातील. त्याच्या फळ्या खोक्यांना चालतात, खांब चालत नाहीत.

टोक पाहून झाल्यावर खांब डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नजर टाकावी. बाक असल्यास लगेच कळतो. हातोडीने ठोकून पाहावे. निरोगी लाकूड खणखणीत बोलते, पोखरलेले लाकूड बद्द आवाज देते. जमिनीलगत येणाऱ्या भागात मोठी गाठ किंवा आडवी चीर असेल, तर तो खांब परत ठेवावा. तीच गाठ शेंड्याकडे असेल, तर फारसे बिघडत नाही. पाडलेल्या जुन्या घरांचे वासे मिळाले, तर ते अवश्य पाहावेत. त्यांत पक्क्या गाभ्याचे लाकूड असण्याचा संभव अधिक. फक्त भिंतीत गेलेली टोके कुजलेली असतात, ती कापून टाकावी लागतात. स्वतःच्या शेतातील झाड तोडून खांब करायचे असतील, तर महाराष्ट्रात सागासारख्या झाडांसाठी आधी परवानगी घ्यावी लागते, हेही लक्षात ठेवावे.

बांबू

बहुतेक परसांत लाकडापेक्षा बांबूच वापरला जातो. तो स्वस्त, हलका आणि लवचीक असतो. २०१७ साली भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू 'वृक्ष' या व्याख्येतून वगळण्यात आला. त्यामुळे अशा बांबूची तोड आणि वाहतूक सुलभ झाली. मात्र बांबूला सागासारखा टिकाऊ गाभा नसतो. प्रक्रिया न केलेला बांबू मातीत रोवला, तर साधारणपणे एक ते तीन वर्षांत निकामी होतो. ही मुदत मान्य असेल, तरच तो तसाच रोवावा.

बांबूतही निवड असते. दक्षिण कोकणातील 'माणगा' हा जवळजवळ भरीव बांबू खांबासाठी उत्तम होय. पोकळ बांबू घ्यायचा तर भिंत जाड असलेला, तीन-चार वर्षांचा पक्व घ्यावा. हिरवागार, गुळगुळीत, दिसायला देखणा बांबू बहुधा कोवळा असतो आणि वाळल्यावर सुरकुततो. पावसाळ्यानंतर, हिवाळ्यात तोडलेल्या बांबूत पिष्ट कमी असते, त्यामुळे भुंगेऱ्याची कीड कमी लागते. अमावास्येच्या सुमारास बांबू तोडावा, असा समज अनेक गावांत आहे. पण तिथीपेक्षा ऋतू आणि बांबूचे वय यांना अधिक महत्त्व द्यावे. तोडलेला बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीतही अर्थपूर्ण आहे, कारण पाण्याबरोबर पिष्ट निघून जाते. बोरॅक्स आणि बोरिक आम्ल यांच्या द्रावणात बांबू भिजवण्याची रीतही प्रचलित आहे. परंतु हे क्षार पाण्यात विरघळत असल्याने उघड्या, ओल्या मातीत हळूहळू धुऊन जातात.

रोवताना बांबूचा बुंध्याकडील भाग खाली ठेवावा आणि वरचे टोक गाठीच्या किंचित वर कापावे. गाठीपासून लांब कापलेल्या बांबूची वाटी होते. तिच्यात पावसाचे पाणी साचते, डास होतात आणि बांबू वरूनही कुजू लागतो.

पाठगत प्रश्न

१. मांडवाच्या खांबाचे काम आणि ताटीच्या खांबाचे काम यांत कोणता फरक आहे?
२. लाकडी खांब जमिनीच्या पातळीशीच का कुजतो?
३. 'साग' हे नाव ऐकून खांब विकत घेणे पुरेसे का नाही?

दगड, लोखंड, सिमेंट आणि जिवंत झाड

कर्नाटकातील द्राक्षबागांत दगडी खांबांच्या रांगा दिसतात. दगडाला कुजणे नाही आणि वाळवीही नाही. पण आडव्या आघाताने तो एकाएकी तुटतो, आणि वाहतुकीचा खर्च पाहता खाणीपासून दूरच्या गावी तो परवडत नाही. सिमेंटच्या खांबाचेही वजन पुष्कळ असते. १० सेंटीमीटर चौरस आणि २.४ मीटर लांब खांब सुमारे ५८ किलो भरतो. त्यावर बारीक तडा दिसला, तर तो घेऊ नये. तड्यातून पाणी आतल्या सळईपर्यंत जाते, सळई गंजून फुगते आणि सिमेंट फोडते. लोखंडी अँगल किंवा नळ बारीक असूनही बळकट असतो. मात्र तोही जमिनीच्या पातळीशीच गंजतो, म्हणून जस्ताचा जाड मुलामा असलेला नळ घेणे हिताचे. नळाचे वरचे तोंड झाकणाने बंद करावे. विदर्भातील उन्हाळ्यात लोखंड इतके तापते की कोवळी वेल भाजते. नळाला सुतळी गुंडाळल्यास हा त्रास कमी होतो.

पानमळ्यांत मात्र निराळीच युक्ती आढळते. तेथे पानवेलीला आधार म्हणून शेवगा, शेवरी, हादगा, पांगारा ही झाडेच लावतात. जिवंत खांब कुजत नाही, उलट वर्षागणिक जाड होतो, सावली देतो आणि शेवग्यासारखा असेल तर शेंगाही देतो. पण त्याची छाटणी वेळेवर व्हावी लागते, आणि जिवंत असल्याने तो आजारीही पडू शकतो. २००५ च्या सुमारास केरळात पांगाऱ्यावर पानांत व देठांत गाठी करणारी परकी कीड आली आणि त्या झाडावर मिरीचे वेल चढवणारे शेतकरी अडचणीत सापडले.

रोवणी

निवडलेला खांब चुकीचा रोवला, तर निवड व्यर्थ जाते. जमिनीवर ६ फूट खांब हवा असेल, तर किमान २ फूट आत गेला पाहिजे. म्हणजे विकत घेताना ८ फुटांचा खांब घ्यावा लागतो. पैसे वाचवण्यासाठी ७ फुटांचा घेतला, की काटकसर नेमकी मातीच्या आत होते, जेथे ती कोणाला दिसत नाही. मुरमाड जमिनीत आणि कोकणातील जांभ्यात खड्डा घेणे कष्टाचे असते, पण खांब घट्ट बसतो. काळ्या कापसाच्या जमिनीत उलट अनुभव येतो. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि खांब सैल करते. तेथे खड्डा अधिक खोल घ्यावा आणि काढलेली काळी माती परत न घालता मुरूम भरावा. मुरूम एकदम न लोटता वीतभराचा थर घालून धुमसाने ठोकावा, मग पुढचा थर घालावा. ओळंबा लावून खांब सरळ असल्याची खात्री प्रत्येक थरानंतर करावी.

लाकडी खांब काँक्रीटमध्ये बसवण्याची हल्ली आवड दिसते. त्यात एक धोका आहे. लाकूड वाळून किंचित आकसते, काँक्रीट आणि खांब यांच्यात फट पडते आणि तिच्यात पाणी साचते. खड्ड्याच्या तळाशी खडीचा थर असावा आणि काँक्रीटचा माथा खांबापासून बाहेर उतरता असावा. म्हणजे पाणी फटीकडे न जाता दूर वाहते. त्याहून बरे म्हणजे काँक्रीटमध्ये लोखंडी पट्ट्या बसवून लाकडी खांब जमिनीपासून चार बोटे वर त्यांत बोल्टने जखडणे. मग ती घातक वीत हवेत राहते. मातीत जाणाऱ्या भागाला डांबर लावायचे असल्यास ते जमिनीच्या वर वीतभर न्यावे. वाहनातील टाकाऊ काळे तेल मात्र लावू नये. ते मातीत उतरते आणि त्याच मातीतील भाजी खायची असते.

रांगेतील पहिला आणि शेवटचा खांब सर्वांत जाड हवा. मधल्या खांबांना दोन्ही बाजूंनी तारेची ओढ असते; टोकाच्या खांबाला मात्र ती एकाच बाजूने असते. म्हणून त्याला बाहेरच्या अंगाने तारेचा ताण देतात आणि ती तार जमिनीत पुरलेल्या मोठ्या दगडाला बांधतात. लग्नाच्या मांडवातही पहिल्या खांबाला विशेष मान असतो. त्याला 'मुहूर्तमेढ' म्हणतात, आणि त्यावरूनच एखाद्या कार्याचा आरंभ करणे या अर्थी 'मुहूर्तमेढ रोवणे' हा वाक्प्रचार रूढ झाला. 'मेढ' म्हणजे खांब. मोठमोठे खांब जमिनीत ठोकून केलेल्या तटबंदीला 'मेढेकोट' म्हणत, त्यातही हाच शब्द आहे.

कोणत्याही ताटीला सोसवणार नाही असा वाराही कधी कधी येतो. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या 'निसर्ग' चक्रीवादळात वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता आणि तेथील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. अशा वाऱ्याला पुरून उरेल असा खांब परसात उभा करणे व्यवहार्य नाही. त्यापेक्षा जाळी खांबांना जाड तारेने न बांधता सुतळीने बांधावी. अतिवेगाचा झोत आला, तर सुतळी तुटते, जाळी एका बाजूने सुटते, वारा निघून जातो आणि खांब उभा राहतो. चार गाठी पुन्हा बांधणे हे अर्ध्या तासाचे काम आहे.

दरवर्षी वैशाखात, नवा वेल लावण्यापूर्वी, प्रत्येक खांबाच्या बुडाशी थोडी माती उकरावी आणि चाकूचे टोक लाकडात दाबून पाहावे. टोक सहज आत गेले, तर तो खांब त्याच महिन्यात बदलावा.

शब्दार्थ

कामटी – बांबू चिरून काढलेली पातळ पट्टी
वखार – लाकूड साठवण्याची व विकण्याची जागा
गाभा – खोडाच्या आतील गडद, पक्व लाकूड
विरळणी – दाट वाढलेल्या झाडांतील काही झाडे तोडणे
बल्ली – सरळ, गोल, न चिरलेले लांब लाकूड
धुमस – माती ठोकून घट्ट करण्याचे अवजार
ओळंबा – उभी रेषा तपासण्यासाठी दोरीला बांधलेले वजन

स्वाध्याय

१. 'श्रावण-भाद्रपदात ताटीची खरी कसोटी लागते', या विधानाची कारणे सात-आठ ओळींत लिहा.
२. पाठातील माहितीच्या आधारे लाकडी खांब आणि बांबूचा खांब यांची तुलना करा.
३. 'मुहूर्तमेढ रोवणे' आणि 'मांडवाखालून जाणे' या वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
४. तुम्ही राहता त्या प्रदेशात वेलींना आधार देण्यासाठी कोणते लाकूड किंवा झाड वापरतात? घरातील किंवा शेजारच्या जाणत्या व्यक्तीला विचारून त्याची माहिती दहा ओळींत लिहा. स्थानिक भाषेतील नावे मराठी लिपीत द्या.